काट्याचं कॅलिपर की आकड्याचं?



आम्ही दोघे भाऊ. भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. आत एक जुना लेथ आहे आणि एक वेल्डिंगचे मशीन आहे. आमच्यातल्या धाकट्याने शिरवळच्या एका कारखान्यात टर्नरचं काम केलं. थोरला घरच्या भातशेतीत राबला. आता दोघे मिळून शेड सांभाळतो. घरच्या कामासाठी कॅलिपर घ्यायचं तर काट्याचं घ्यावं की आकड्याचं, असं पुष्कळ जण आम्हाला विचारतात. म्हणून आज त्याबद्दल बोलतो.

आधी आमची फजिती ऐका.

आषाढ लागला होता. चिखलणीचे दिवस. वेल्ह्याकडचा, म्हणजे आता सरकारी कागदावर राजगड तालुका म्हणतात तिकडचा, एक शेतकरी पॉवर टिलरचा शाफ्ट घेऊन आला. बेअरिंग बसते ती जागा झिजली होती. रोप लावणीला आलं होतं, आणि टिलर बंद. आम्ही त्या जागेवर वेल्डिंग भरलं आणि शाफ्ट लेथवर चढवला. बेअरिंग ६२०५ नंबरचे होते. त्याचे भोक २५ मिलिमीटरचे असते. म्हणजे शाफ्ट २५ चा, किंवा त्याहून अगदी किंचित जास्त हवा.

बाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्यातून गळत होतं. हातात आकड्याचं कॅलिपर होतं. त्याने दाखवलं २५.२०. आम्ही म्हटलं, अजून २० शतांश काढायचे. काढले. आणि बेअरिंग शाफ्टवर अंगठी ढिली व्हावी तसं गरगर फिरलं.

मग कॅलिपरचे जबडे मिटून पाहिलं. तिथे ०.०० दिसायला हवं होतं. दिसत होतं ०.२०. पट्टीवर पाण्याचे थेंब पडले होते, त्याने हिशेब चुकला होता. शाफ्ट २५ चा झालाच होता, तो आम्ही २४.८० वर नेऊन ठेवला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा लेथ. त्या माणसाचे दोन दिवस गेले. तो रागाने काही बोलला नाही. शेडच्या दारात उभा राहून पावसाकडे बघत होता. ते आम्हाला जास्त लागलं.

आता शतांश म्हणजे काय ते सांगतो. ते फार अवघड नाही. पूर्वी आपल्याकडे इंच आणि सूत चालायचं. एका इंचाचे ८ सूत. अजूनही गवंडी तीन सुती सळई मागतो, आणि दुकानदार १० मिलिमीटरची देतो. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे १०० पैसे झाले. तोच रुपया इथे धरा. एक मिलिमीटर म्हणजे एक रुपया. त्याचा शतांश म्हणजे एक पैसा. २४.९८ म्हणजे २४ रुपये ९८ पैसे. माणसाचा केस साधारण ५ ते १० पैसे जाड असतो. आमच्या शाफ्टची चूक २० पैशांची होती. म्हणजे दोनचार केसांची. तेवढ्यात टिलर शेतात जायचा राहिला.

आमच्या वहिनींनी हे रुपये-पैशांचं गणित एका संध्याकाळी उचललं. त्या साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या, तेव्हाची गोष्ट. आता लेथ चालू असला की माप त्याच वाचतात. म्हणून आकड्याच्या कॅलिपरला आम्ही वाईट म्हणणार नाही. ज्याला अंक येतात त्याला ते लगेच वाचता येते. अंक मात्र इंग्रजी असतात, तेवढे ओळखायचे. पन्नाशीनंतर बारीक रेघा दिसत नाहीत, त्यालाही ते बरं. एक बटण दाबलं की इंच, दुसऱ्यांदा दाबलं की मिलिमीटर. मध्येच कुठेही शून्य करता येतं, म्हणजे दोन मापांतला फरक आपोआप कळतो. आपल्याकडे जुनी इंजिनं इंचाची आणि नवी मिलिमीटरची. त्यामुळे ही सोय मोठी आहे.

त्याची खोड दोन ठिकाणी. एक पाणी, ते आम्ही भोगलं. पाण्याला न दबणारी कॅलिपरं मिळतात, पण ती महाग असतात. दुसरी खोड सेलची. स्वस्तातलं कॅलिपर बंद केलं तरी आत थोडा थोडा सेल खात राहतं. आकडे लुकलुकायला लागले की सेल संपत आला असे समजा, आणि त्या मापावर काम करू नका. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. पण तुम्ही घाटाखालच्या वाडीत असाल, रात्रीचे आठ वाजले असतील, तर घड्याळवाला कुठला?

काट्याच्या कॅलिपरला सेल लागत नाही. पट्टीवर बारीक दाते असतात. जबडा सरकला की त्या दात्यांवर एक चिमुकले चाक फिरते आणि काटा फिरवते. बस्स, एवढंच. वाचायला मात्र थोडे शिकावे लागते. पुष्कळ कॅलिपरांत काट्याचा एक फेरा २ मिलिमीटरचा असतो. तबकडीवर १०० रेघा, म्हणजे एक रेघ २ पैशांची. पट्टीवर आधी सम आकडा बघायचा, समजा २४. काटा ४९ व्या रेघेवर असेल तर ९८ पैसे. झाले २४.९८. काटा ७० व्या रेघेवर असेल तर १ रुपया ४० पैसे. २४ मध्ये मिळवा, झाले २५.४०. नवा माणूस इथेच चुकतो. पट्टीवर २५ ची रेघ उघडी पडलेली दिसते, मग तो २५ मध्ये १.४० मिळवतो आणि २६.४० लिहितो.

काट्याचा शत्रू म्हणजे लोखंडाचा कीस. दात्यात एक कण अडकला की काटा उडी मारतो. कधी कधी जबडे मिटल्यावर काटा शून्यावर येतो आणि पुढे गेल्यावर चुकतो. सरकवताना खरखर लागली की थांबा. मऊ ब्रशने दाते साफ करा. फुंकर मारू नका, कीस आत जातो. आणि खाली पाडू नका. पडलं की चाक दाता चुकवतं.

म्हणून शून्य पाहणं पुरत नाही. दुसरं एक पक्कं माप लागतं. ते विकत आणायची गरज नाही. ६२०५ नंबरचं चांगल्या कंपनीचं नवं बेअरिंग ठेवा. त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो, त्यात एखाद्या पैशाचाच फरक पडतो. सकाळी आधी जबडे मिटून शून्य बघा, मग ते बेअरिंग मोजा. ५२ आलं तर कामाला लागा. आम्ही ते बेअरिंग तेल लावून डबीत ठेवतो. गिऱ्हाइकाने कितीही मागितलं तरी विकत नाही.

आता नेमका प्रश्न. एकच घ्यायचं झालं तर कोणतं?

या भागात, लेथपाशी काम करणार असाल, तर आम्ही काट्याचं घ्या म्हणू. कीस आपण ब्रशने काढू शकतो. आपल्याकडचा पाऊस आपण काढू शकत नाही. पण काम कोरडं असेल, मोटर वाइंडिंगचं किंवा शिवणयंत्रं दुरुस्त करायचं, किंवा वाचणाऱ्याची नजर मंद झाली असेल, तर आकड्याचं घ्या. धाकट्याला हे पुरतं पटत नाही. तो म्हणतो, पट्टी पुसली असती तर शाफ्ट बिघडलाच नसता. तेही खरंच आहे.

एका गोष्टीत मात्र आमचा वाद नाही. आकड्याचं कॅलिपर शेवटचा पैसासुद्धा दाखवतं, म्हणून ते काट्याच्यापेक्षा खरं असं नव्हे. चांगलं असलं तरी दोन्ही दोनतीन पैसे इकडे तिकडे होतात. बेअरिंगच्या जागेचं शेवटचं माप आम्ही आता मायक्रोमीटरने घेतो. त्या आषाढानंतर तो आणला.

रात्री कॅलिपर पुसून पेटीत ठेवतो. लोखंडावर तेलाचं बोट, आकड्याच्या कॅलिपरची पट्टी मात्र कोरडी. जबडे घट्ट मिटायचे नाहीत, मध्ये जराशी फट ठेवायची. ही पेटी आमच्या शेडमध्ये नसते. पावसाळाभर ती वहिनींच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांबच्या फळीवर असते. तिथे गळत नाही.