परदेशातील वृद्धांची बैठक
(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)

पाठशाळेतील माणसाने या व्यासपीठावरून एखादा शास्त्रीय विषय घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आजचा माझा विषय तसा नाही. परंतु या सभामंडपात बसलेल्या कितीतरी मातापित्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, आणि आपणही आता घर आवरून तिकडे जावे की काय, हा विचार त्यांच्या मनात घोळत असतो. तिकडे गेलेल्या वृद्धांचे दिवस कसे जातात आणि त्यांना कोणाचा आधार मिळतो, हे आधी समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे. मी मुख्यतः अमेरिकेविषयी बोलेन.

अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला. तेव्हापासून नागरिक झालेल्या सज्ञान मुलाला आपल्या आईवडिलांना कायम वास्तव्यासाठी बोलावता येते आणि त्यांना संख्येची मर्यादा नाही. प्रथम आईवडील पाहुणे म्हणून जातात, सामान्यतः सहा महिन्यांसाठी. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण हे निमित्त असते. पुढे दोघांपैकी एक निवर्तले, की मागे राहिलेल्याला मुलगा कायमचा घेऊन जातो. त्याचा हेतू निर्मळ असतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी उद्भवते. तिकडील उपनगरांत दुकान, देऊळ, दवाखाना यांतील काहीच पायी जाण्याजोगे नसते. मोटार चालविता येत नाही तो माणूस सकाळी आठ वाजता मुलगा-सून बाहेर पडल्यापासून संध्याकाळपर्यंत त्या घरात असतो. नातवंड लहान आहे तोवर निदान काम असते. ते शाळेत जाऊ लागले की आजीचे काम संपते, आणि आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ते इंग्रजीत उत्तर देऊ लागले की संभाषणही आटते. अन्न, वस्त्र, ऊब सर्व काही आहे. पण दिवसभरात कोणी आपला सल्ला विचारलेला नाही, ही जाणीव आतून पोखरीत राहते.

मानवशास्त्रज्ञ सारा लँब यांनी भारतात आणि अमेरिकेत अशा कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या निरीक्षणातील एक गोष्ट आपणांस विचार करावयास लावील. इकडे वडीलधाऱ्यांनी सेवा घ्यावी आणि धाकट्यांनी ती करावी, असा क्रम आपण गृहीत धरतो. तिकडे पुष्कळदा आईवडीलच स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात आणि धाकट्यांच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घेतात. सेवा हा शब्द तोच राहतो, तिची दिशा मात्र उलटते. यात अपमान मानण्याचे कारण नाही, असे मला वाटते. पण हा बदल निघण्यापूर्वी कोणी सांगितलेला नसतो, त्यामुळे तो जिव्हारी लागतो.

त्यात कायद्याची भर पडते. आईवडिलांना बोलावताना मुलाला त्यांच्या निर्वाहाचे जामीनपत्र लिहून द्यावे लागते. जन्मभर घर चालविलेला पिता त्या कागदाने मुलाचा आश्रित ठरतो. १९९६ च्या कायद्यानंतर आलेल्या आणि नागरिकत्व न घेतलेल्या वृद्धांना शासकीय निर्वाहसाहाय्य बहुतांशी बंद झाले. नोकरी न केलेल्या कायम रहिवाशाला पासष्टीनंतरही सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावरच, आणि तेही हप्ते भरून, शासकीय वृद्धविमा घेता येतो. नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजीची सवलत पंचावन्न वर्षांपुढील माणसाला आहे. मात्र त्याचे तेथील कायम वास्तव्य पंधरा वर्षांचे असावे लागते. सत्तरीत गेलेल्या मातेने ही पंधरा वर्षे कोठून आणावयाची? बरे, कंटाळून दीड वर्ष गावी येऊन राहावे, तर पूर्वपरवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्याने वास्तव्याचा हक्कच धोक्यात येतो. (कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीचा ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली, पण तेथेही आरोग्यविमा खाजगीच काढावा लागतो.)

आता आधाराकडे वळू. कॅलिफोर्नियात फ्रिमॉंट नावाचे शहर आहे. तेथे आलेल्या भारतीय वृद्ध गृहस्थांनी आपला एक संघ केला होता. त्याचे नाव ‘हंड्रेड इयर्स लिव्हिंग क्लब’, म्हणजे शंभर वर्षे जगणाऱ्यांचे मंडळ! २००९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची हकीकत छापली. आठवड्यातून पाच दिवस ही मंडळी एका मोठ्या बाजारसंकुलात जमत, झाडांच्या सिमेंटच्या कुंड्यांच्या कठड्यावर बसत आणि थर्मासमधून आणलेला चहा पीत. बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामटेकड्यांचे काम वाटेल. मला तसे वाटत नाही. ठरलेली वेळ आहे, ठरलेली जागा आहे, आणि आपण आलो नाही तर ‘आज का आला नाहीत’ असे विचारणारा कोणी आहे. घरातील गाऱ्हाणी तेथे बोलली जातात, म्हणून काही मुलांना अशा बैठका आवडत नाहीत. त्यांना माझी विनंती अशी, की वडिलांचे गाऱ्हाणे कठड्यावर सांडले तर ते जेवणाच्या ताटावर सांडत नाही.

मात्र तो संघ केवळ पुरुषांचा होता, हेही सांगितले पाहिजे. वृद्ध स्त्रीचे एकाकीपण कोणाच्या नजरेस लवकर येत नाही, कारण ती घरात कामात दिसते. हात चालू असलेली स्त्री सुखी आहे, असा आपला एक समज आहे. तिला चारचौघांत बसण्यासाठी निमित्त लागते आणि पोहोचविणाराही लागतो.

या दृष्टीने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘इंडिया होम’ ही २००७ साली स्थापन झालेली संस्था लक्षात घेण्यासारखी आहे. दक्षिण आशियातील वृद्ध स्त्रीपुरुष तेथे दिवसा एकत्र येतात. आपल्या चवीचे दुपारचे जेवण, योगासने, इंग्रजीचे वर्ग असे कार्यक्रम तेथे चालतात. जेवणाला कमी लेखू नये. एकट्याने गिळलेला घास आणि पंगतीतला घास यांतील अंतर मठाच्या भक्तांना मी काय सांगावे! फ्रिमॉंटच्या नगरपालिकेने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. निरनिराळ्या भाषिक समाजांतील स्वयंसेवकांना तिने धर्मस्थानांच्या व संस्थांच्या साहाय्याने शिकवून तयार केले. सरकारी कचेरीच्या पायरीशी अडखळणारी आजी आरतीनंतर ओळखीच्या माणसाला आपल्या भाषेत सारे सांगते. कोणता अर्ज कोठे द्यावयाचा, हे तो पाहतो. २०२० च्या महामारीत एकत्र जमणेच थांबले, तेव्हा अनेक संघांनी दूरध्वनीवरून आणि पडद्यावरून भेटी चालू ठेवल्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय पुढेही उपयोगी पडण्यासारखी आहे.

आपल्या भागांतील माणसाला येथे एक लाभ आहे, तिकडे कदाचित आपले लक्ष गेले नसेल. तिकडील अशा बैठकीत सारे मराठी भेटतील, असे नाही. कोठे गुजराती अधिक, कोठे पंजाबी, कोठे तेलुगू. वडोदऱ्याच्या मराठी आजीला गुजराती येते, इंदूर-ग्वाल्हेरच्या आजोबांना हिंदी परकी नाही, हैदराबादकराला तेलुगू कळते, बेळगाव-निपाणीचा माणूस कानडीत सहज बसतो. आपले पूर्वज आधीच एकदा परमुलखात येऊन स्थिरावलेले आहेत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय यांची थोरवी ग्रंथांत तर आहेच. पण तेथील बाकांवर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या निवृत्तांच्या पिढ्यांनाही ती कमी ठाऊक नाही. हा बाक आपणांस नवा नाही.

म्हणून मुलगा बोलावू लागला, तर खोली केवढी आहे हे विचारण्याआधी एवढे विचारावे, की घरापासून पायी किंवा बसने जाता येईल अशी बैठक आहे का; नसेल तर आठवड्यातून दोन दिवस कोण पोहोचवील. आपल्या नावावरची ठेव, निवृत्तिवेतन आणि हयातीचा दाखला यांची व्यवस्था स्वतःच्या हाती ठेवावी. गावचे घर लगेच विकू नये. संघ चालविणाऱ्यांना सांगणे एवढेच, की वृद्धांना नुसते बसवून करमणूक करू नये, त्यांना काम द्यावे. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आमच्या पाठशाळेशी संबंध असलेले एक निवृत्त शिक्षक न्यू जर्सीत मुलाकडे राहतात. पहिल्या वर्षी त्यांची पत्रे फार उदास असत. मग तेथील वृद्धमंडळाने त्यांच्यावर तिथी सांगण्याचे काम सोपविले. काम वाटते तेवढे सोपे नाही. तिथीचा आरंभ आणि अंत साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी होतो, पण सूर्योदय स्थळोस्थळी निराळा. त्यामुळे येथे गुरुवारी असलेली एकादशी तेथे बुधवारी येऊ शकते. आता दर पंधरवड्याला चार घरांतून त्यांना दूरध्वनी येतो, ‘गुरुजी, उपास कधी?’ गेल्या महिन्यातील त्यांच्या पत्रात प्रकृतीविषयी एक ओळ आहे आणि क्षयतिथीसंबंधी तीन शंका आहेत. पैकी दोहोंची उत्तरे मी पाठविली आहेत. तिसरीसाठी आमच्या ज्योतिषाच्या गुरुजींनी आठ दिवसांची मुदत मागितली आहे.