ज्याची कुणाशी सावड नाही

एकलकोंडा, घुम्या, माणूसघाणा... मित्र नसलेल्या माणसासाठी आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येक शब्द दोष त्याच्याच माथी मारतो. मला हे फार खटकतं.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांचा भाताचा मुलूखच घ्या. लावणीला सावड लागते. आज तुमच्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तुम्ही. ज्याची कुणाशी सावड नाही, त्याचं रोप वाफ्यातच वाढत राहतं. मग गाव म्हणतं, ‘त्याचं कुणाशी जमतच नाही.’ पण बरोबरीचे सोबती पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेले, घरांना कुलपं लागली. नीरा देवघर, गुंजवणी अशा धरणांपायी वस्त्या उठल्या, शेजार विखुरला. मागे राहिलेल्यानं पारावर गप्पा मारायच्या कुणाशी?

काहींना एकांत मनापासून आवडतो. त्यांना खुशाल तसं राहू द्यावं. एकटेपणा सलतो तेव्हा गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांपैकी १ जण एकटेपणानं त्रासलेला आहे, आणि त्यात तरुण पोरंही पुष्कळ आहेत.

मन मोकळं करायला ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी वेगळा क्रमांक आहे, १४५६७. शेजारच्या आजोबांना मोबाईल वापरता येत नसेल, तर तुम्ही लावून द्या, आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत जरा ओट्यावर थांबा.