पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून कुत्र्याच्या पिलांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण आमचे आयुष्य एकाच प्रश्नामागे गेले. बाजारात जो माल येतो तो कोणाच्या कष्टातून येतो, आणि त्या कष्ट करणाऱ्याची काय दशा असते? पिलांच्या बाजारातही हाच प्रश्न उभा आहे. फरक इतकाच की इथे राबणाऱ्या जिवाला अर्ज करता येत नाही आणि संपही करता येत नाही.

शहरातली घरे लहान झाली. दोन खोल्यांत अल्सेशियन मावत नाही, म्हणून लोक पामेरियन, पग, शित्झू, डॅशुंड अशा लहान जातींकडे वळले. 2003 साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरची मुले तसल्याच कुत्र्यासाठी हट्ट धरू लागली. मागणी वाढली की माल घाईने काढला जातो, हा बाजाराचा नियमच आहे. मग कुठे गच्चीवरच्या पिंजऱ्यात, कुठे अंधाऱ्या खोपटात कुत्री कोंडली जाते. ती माजावर आली की फळवायची आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच दलालाच्या हवाली करायची. दुकानात गोजिरवाणे पिल्लू दिसते. त्याची आई कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

ही आई लोकांच्या दृष्टीस पडली की काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनमधले आहे. ल्यूसी नावाची कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची एक कुत्री 2013 साली वेल्समधल्या अशाच एका पैदासखान्यातून सोडवली गेली. वर्षानुवर्षे कोंडून ठेवल्याने तिचा कणा वाकला होता. ती 2016 साली वारली. परंतु तिच्या नावाने लोकांनी चळवळ उभारली आणि 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये नवा कायदा आला. सहा महिन्यांखालचे पिल्लू मधल्या व्यापाऱ्याने विकायचे नाही. ते जिथे जन्मले तिथेच, आईसह दाखवून, पैदास करणाऱ्यानेच विकायचे. कायद्याने दलाल मधून काढला आणि गिऱ्हाइकाला आईपुढे उभे केले.

आपल्याकडेही नियम आहेत. केंद्र सरकारने 2017 साली श्वानपैदास व विक्रीचे नियम केले. त्यांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि तो दाखला दर्शनी भागी लावला पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिची वेते घ्यायची नाहीत. वर्षाला एकाहून अधिक वेत नाही, जन्मात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायचे नाही. नियम चांगले आहेत. पण कारखान्याचा कायदा कितीही चांगला असला तरी हजेरीपट कोणी उघडून पाहिला नाही तर तो कपाटातच राहतो, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. इथे हजेरीपट पाहायचा तो गिऱ्हाइकाने.

तो कसा पाहायचा? पहिली गोष्ट, पिल्लू रस्त्यावर किंवा स्टेशनवर हातात घेऊ नका. जिथे ते जन्मले तिथे जा. आई समोर आणायला सांगा. ती धन्याजवळ मोकळेपणी येते की अंग चोरते, पाहा. ‘आई गावी आहे’ असे उत्तर आले, तर तिथून उठावे. तिचे वय आणि आजवरची वेते विचारा. जागेचा वास, पाण्याचे भांडे, निजायची जागा, यांवरून पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट तब्येतीची. लहान जातींच्या खोडी ठरलेल्या आहेत. पामेरियनसारख्यांची गुडघ्याची वाटी सरकते. पगचे नाक आखूड, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला धाप लागते. डॅशुंडला पाठीच्या मणक्यांचे दुखणे जडते. आईबापांची तपासणी कोणी केली, काय निघाले, हे खरा पैदासकार आपणहून सांगतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची, पुढे तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. त्या कार्डावर पशुवैद्याची सही व तारीख हवी. पार्व्होने पिल्लू दोन-चार दिवसांत दगावते. ‘टीकप’ म्हणून अतिलहान पिल्लू जादा दराने विकतात. तशी मान्यताप्राप्त जातच नाही, आणि असल्या चिमुकल्या जिवाची साखर एखादे जेवण चुकले तरी उतरते. केनेल क्लबचा कागद वंश सांगतो. प्रकृतीची हमी देत नाही.

तिसरी गोष्ट, विकणारा तुम्हाला काय विचारतो ते ऐका. दिवसा घरी कोण असते, मुले केवढी आहेत, फिरवणार कोण, असे जो विचारतो आणि ‘नाही जमले तर कुत्रे मला परत द्या’ म्हणतो, तो भला माणूस. ज्याच्याकडे पाच-सहा जातींची पिल्ले बारमाही तयार, आणि जो फक्त पैशाचे विचारतो, त्याच्या दारी जाऊ नये.

आता एक अवघड गोष्ट. पिंजऱ्यातले मरतुकडे पिल्लू पाहून एखाद्या भगिनीचे मन कळवळते. ‘निदान याला तरी सोडवू’ म्हणून ती पैसे मोजते. त्या कळवळ्याला आमचा नमस्कार आहे. परंतु त्या पैशाने पिंजरा रिकामा होत नाही, त्याच कुत्रीचे पुढचे वेत त्यात येते. एक पिल्लू सुटते आणि आई आणखी एक वर्ष अडकते. तिला सोडवायचे असेल तर रिकाम्या हाताने परत यावे आणि प्राणी कल्याण मंडळाकडे किंवा पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. हे कठीण आहे, पण उपाय हाच. दयाच करायची असेल तर बेवारशी पिलांना घर देणाऱ्या संस्था आहेत. तिथले देशी पिल्लूही माया तितकीच लावते.

चांगल्या पैदासकाराकडे चार-सहा महिने थांबावे लागेल, पैसेही अधिक पडतील. ते कष्टाचे दाम समजावे. जे कुत्रे पुढची बारा-पंधरा वर्षे आपल्या उंबऱ्यात राहायचे, त्यासाठी एवढी वाट पाहणे जड वाटू नये. बाजार गिऱ्हाइकाच्या पैशावर चालतो. तो पैसा कोणाच्या हाती द्यायचा, एवढे ठरवणे तरी आपल्या हाती आहे.