छताचं अस्तर

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'हाताचं काम' एवढंच छापलंय. काहींना वाटलं असेल, पापड-लोणच्यांबद्दल बोलणार. मी बोलणार आहे मोटारीच्या छताबद्दल. गाडीत आतून छताला जे कापड असतं, गॅरेजवाले ज्याला रूफ लायनिंग म्हणतात, ते आम्ही अकोल्यात केंद्राच्या अंगणात बदललं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं.

केंद्राची गाडी देणगीतली, चौदा-पंधरा वर्षांची. पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, कोर्ट, सगळीकडे तीच धावते. तिचं कापड मागून सुटलं आणि झोळीसारखं लोंबायला लागलं. आरशात मागचं काही दिसेना. मागे बसलेल्या बाईच्या डोक्याला ते लागायचं, केसांत पिवळी भुकटी पडायची. एका रात्री एक मुलगी मार खाऊन निघाली होती, तिला आणत होते. ती सबंध वाटभर एका हातानं ते कापड वर धरून बसली होती. मी गाडी चालवत होते, मला ते आरशात दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेले.

तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेब नाहीत म्हटल्यावर पाच हजार आणि तीन दिवस गाडी ठेवा, असं ऐकवलं. तीन दिवस गाडी ठेवणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

आधी आम्ही शहाणपणा केला. टाचण्या लावल्या. मग सुतार वापरतात तो पांढरा गोंद आत सोडून कापड दाबलं. एप्रिलचं ऊन, आठ दिवसांत सगळं खाली. वर कापडावर डाग पडले ते वेगळेच.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण सगळं काम त्यावर आहे. छताचं कापड पत्र्याला चिकटवलेलं नसतं. पत्र्याखाली साच्यात दाबून केलेला एक कडक बोर्ड असतो, बोर्डावर फोमचा पातळ थर आणि फोमवर कापड. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत असंच असतं. (जुन्या काही गाड्यांत कापडाला शिवलेल्या नळ्यांतून तारा ओवून ते ताणलेलं असे, ते काम वेगळं.) आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. वर्षानुवर्षं असं भाजून फोमचा भुगा होतो. कापड धड असतं, बोर्ड धड असतो, मधला फोम मेलेला असतो. भुग्याला गोंद लावून काय धरणार?

म्हणजे बोर्ड खाली काढायलाच हवा. त्याआधी एक सांगते. ज्या गाडीत खिडक्यांच्या वर कडेला एअरबॅग असतात, तिथे स्वतः हात घालू नका. आमच्या गाडीत त्या नव्हत्या. तरी दिव्याची वायर सोडवायची म्हणून बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी काढली. मग ऊन अडवायच्या झडपा, छताचा दिवा, हाताला धरायच्या कड्या, खांबांवरची प्लास्टिकची आवरणं आणि दारांच्या वरच्या कडेचं रबर. स्क्रू कुठला कुठे लागतो ते विसरायला होतं, म्हणून प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले. सीट मागे पाडल्या आणि तिघींनी धरून बोर्ड मागच्या दारातून काढला. तो वाकवायचा नाही. एकदा मोडला की ती घडी नव्या कापडातूनही दिसते.

जुनं कापड हातानं सहज निघतं. खरी मेहनत पुढे. तोंडाला फडकं बांधून, नायलॉनच्या ब्रशनं भुगा खरवडून काढायचा, बोर्डाचा पापुद्रा न सोलता. आम्हाला दीड तास लागला. इथे कंटाळा केलात तर नवं कापडही महिन्याभरात खाली येईल.

पुढचं काम मला येत नव्हतं. ते केलं आमच्याकडे राहणाऱ्या एका ताईनं. तिच्या नवऱ्याचं सीट कव्हरचं दुकान आहे. चौदा वर्षं तिनं घरी मशीनवर कव्हरं शिवली. दुकानात कधी बसली नाही, गाडीला कव्हर चढवताना तिनं कधी पाहिलं नाही. ते पुरुषाचं काम. पण कापड कुठल्या बाजूनं ताणतं, कुठल्या बाजूनं ताणत नाही, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. मी दुकानातून साधं पडद्याचं कापड आणलं होतं, तिनं ते परत करायला लावलं. पाठीला ३ मिलीमीटर फोम असलेलं, ५४ इंच पन्ह्याचं कापड दोन मीटर आणलं आणि उष्णता सोसणारा, याच कामाचा स्प्रेचा गोंद.

कापड बोर्डावर पसरून अर्धं मागे दुमडायचं. बोर्डाच्या उघड्या भागावर आणि फोमवर, दोन्हीकडे पातळ गोंद मारायचा. बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटेल पण गोंद बोटाला येणार नाही, इतपत थांबायचं. मग मधून कडेकडे, तळव्यानं. जोरात दाबलं तर फोम चेपतो, ओढून ताणलं तर खोलगट जागी कापड पुन्हा सुटतं. अर्धं झालं की दुसरं अर्धं. कडा दोन बोटं जास्त ठेवून मागे वळवायच्या, दिव्याच्या जागी फुलीसारखा छेद द्यायचा. हे सगळं उघड्यावर करा. वास डोक्यात जातो, आणि जवळपास चूल, उदबत्ती काही नको. रात्रभर वाळवून सकाळी बोर्ड बसवला. मागे डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली आहे, ती माझी.

सामानाला सतराशे रुपये लागले. मी बैठकीत आनंदानं सांगितलं, मजुरी शून्य, सगळ्यांनी श्रमदान केलं. ताई बैठकीनंतर माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पगार आहे. मी दोन दिवस काम केलं, ते श्रमदान कसं?"

मला उत्तर सुचलं नाही. तिच्या पोटगीच्या अर्जाला नवऱ्यानं लेखी उत्तर दिलं होतं की ती घरात काहीच काम करत नव्हती. ते वाचून आम्ही केवढ्या चिडलो होतो! आणि हिशेबाच्या वहीत मीही तेच लिहिलं होतं.

मजुरी द्यायची ठरली तर नवीन अडचण. वकीलबाई म्हणाल्या, पावती केलीत तर समोरचे म्हणतील, ही कमावते, पोटगी कशाला? २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, आणि उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यायचं. म्हणजे लपवायचंही नाही. पण रक्कम ठरवताना तिची कमाई बघितली जाणारच. पावती न करता हातात पैसे द्यावेत, असं आमच्यातल्या दोघींचं मत होतं. मला ते पटत नव्हतं, पण नुकसान तिचं होणार होतं, माझं नाही. म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "चौदा वर्षं बिनपावतीचंच केलं. आता पावती करा."

दोन दिवसांचे बाराशे रुपये. 'गाडीचे छत-अस्तर, मजुरी' हे तिनं स्वतः लिहिलं. पुढची तारीख या महिनाअखेरीस आहे, काय होतं ते कळवीन.

ती आज इथे आली आहे, मागच्या रांगेत. येताना एका भंगारातल्या गाडीचा बोर्ड आणला आहे, चहानंतर अंगणात ठेवू. गोंद एकच डबा आहे, तेव्हा आधी सगळ्याजणी ब्रश घेऊन भुगा काढायला बसा. आणि हो, तिची आजची मजुरी शिबिराच्या खर्चात धरली आहे.