तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

सात सीटची गाडी घ्यायला आलेलं कुटुंब शोरूममध्ये शिरलं की काय करतं, हे गेल्या काही महिन्यांत मी बऱ्याच ठिकाणी उभं राहून पाहिलं. घरातला कर्ता पुरुष स्टिअरिंगमागे बसतो. मुलगा समोरच्या पडद्यावर बोटं फिरवतो. छतावरची काच उघडून बघतात. तिसऱ्या रांगेत एखादं आठ वर्षांचं पोर उडी मारून जातं, ‘मस्त आहे’ म्हणतं, आणि तिसऱ्या रांगेची पाहणी तिथेच आटोपते.

फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे जरा खटकतं. आमच्याकडे कोण कुठे बसणार हे आधी ठरायचं. पुढची डावी सीट साहेबाची, मागच्या आडव्या बाकांवर जवान. मी नवा लेफ्टनंट असताना आमचे सीओ प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्या लांब प्रवासात तीन टनी ट्रकच्या मागे बसवायचे. दहा तास तिथे काढले की काफिल्याचे थांबे कुठे घ्यायचे हे वेगळं शिकवावं लागत नसे.

घरात हुद्दे नसतात, असं आपण म्हणतो. पण बघा, तिसऱ्या रांगेत बहुतेक वेळा सून असते, नाहीतर ‘मला काय, कुठेही चालतं’ म्हणणारी आत्या. जे माणूस तक्रार करत नाही, ते मागे जातं.

आमचं घर इंदूरचं, माणसं सात. आई सत्त्याऐंशीची, आम्ही दोघं, मुलगा, सून, एक बारा वर्षांची नात आणि एक तीन वर्षांचा नातू. वर्षातून एकदा सप्तशृंगीला जायचं. गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यापासून आईला पायऱ्यांची धास्ती राहिली नाही. राहिला तो इंदूर ते वणीचा रस्ता, सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट आणि तासन्‌तासांचं बसणं. मागच्या वेळी भाड्याची गाडी होती. परत आल्यावर आई म्हणाली, “आता तुम्हीच जाऊन येत जा.” तिला देवीला नको म्हणायचं नव्हतं, सीटला म्हणायचं होतं. तेव्हा गाडी आईच्या हिशोबाने शोधायची, असं ठरलं.

आता मुद्द्याचं. गाडीची लांबी बघून आतली जागा कळत नाही. फॉर्च्युनर 4795 मिलिमीटर लांब आहे, अर्टिगा त्यापेक्षा बरीच आखूड. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फॉर्च्युनरचा 2745 आणि अर्टिगाचा 2740. माणसं मुख्यतः या अंतरातच बसवायची असतात. वर फॉर्च्युनरला खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट, आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणारी सगळी यंत्रणा. त्यामुळे फरशी उंच येते. छत तर वाढवता येत नाही, मग सीट फरशीलगत बसवावी लागते. परिणाम असा, की मागे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. किमतीने कितीतरी स्वस्त असलेल्या अर्टिगात मागची बैठक जास्त माणसासारखी आहे. फॉर्च्युनरवाल्यांनी रागावू नये. ती गाडी वाईट रस्त्यासाठी उत्तम आहे, पण आजीला मागे बसवण्यासाठी नाही.

हेच इनोव्हाच्या दोन पिढ्यांत दिसतं. क्रिस्टा लॅडर फ्रेमवर, लांबी 4735, व्हीलबेस 2750. हायक्रॉस मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, आणि ताकद पुढच्या चाकांना. लांबी फक्त दोन सेंटिमीटरनी वाढली, व्हीलबेस दहा सेंटिमीटरनी, 2850 झाला. ते दहा सेंटिमीटर तिसऱ्या रांगेतल्या माणसाला गुडघ्यात कळतात.

माझी तपासणीची पद्धत साधी. पुढची सीट मी माझ्या उंचीप्रमाणे लावतो. मग तिच्यामागे दुसऱ्या रांगेत बसतो, ती सीट मला पुरेल इतकीच मागे घेतो. मग तिच्यामागे तिसऱ्या रांगेत. दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं. विक्रेता मुलगा चुळबुळ करतो, करू द्या. दोन मिनिटांत कुठलीही सीट मऊ लागते. पावलं पुढच्या सीटखाली जातात का, मांडी टेकते का, डोकं मागे टेकलं तर छत लागतं का, हे बघायचं. आणि शेवटी कोणाच्या मदतीशिवाय बाहेर यायचं. एका शोरूममध्ये मला सांगितलं, “सर, मागची सीट तर लहान मुलांसाठीच असते.” मी विचारलं, मग जाहिरातीत सात मोठी माणसं हसत का बसलीत?

या कसोटीवर आम्ही बसून पाहिलेल्या गाड्या सांगतो. स्कॉर्पिओ-एन चालवायला मजेची, पण पायरी उंच, दुसरी रांग पुढेमागे सरकत नाही, आणि तिसरी रांग अडचणीची. एक्सयूव्ही 700 ची दुसरी रांग ऐसपैस, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस शहरापुरता. आमच्या वेळी तिचीही दुसरी रांग सरकत नव्हती, म्हणजे मागच्याला दोन इंच उसने द्यायची सोयच नाही. सफारीची तिसरी रांग या दोघींपेक्षा बरी. अल्कझार मुलांसाठी ठीक. कॅरेन्स एसयूव्ही म्हणवत नाही, तरी 2780 च्या व्हीलबेसमुळे तिची तिसरी रांग आश्चर्य वाटावं इतकी चांगली आहे, आणि बजेट आखडतं असेल तर तिच्यात आणि अर्टिगात आधी बसून बघा.

कॅप्टन सीटचं एक गणित लक्षात घ्या. दुसऱ्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आल्या की मधून वाट मिळते, दुखऱ्या गुडघ्यांना ते वरदान. पण सफारी, एक्सयूव्ही 700 यांत मग माणसं सहाच बसतात. इनोव्हात दोन खुर्च्या घेऊनही सात होतात, कारण मागे तिघांची सोय धरली आहे. तीन मोठी माणसं नव्हे, हं. दोन मोठी आणि एक मूल.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे समोरच्या धडकेवर आणि बाजूच्या धडकेवर मिळतात. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं डोकं मागच्या काचेपासून किती लांब आहे, हे ताऱ्यांवरून कळत नाही. ते हात घालून मोजावं लागतं. डोक्याची उशी पूर्ण वर येते का, मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आहे का, पडद्याची एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोचते का, हे विचारून घ्या. लहान मुलाची सीट बांधायचे आयसोफिक्स आकडे बहुधा दुसऱ्या रांगेतच असतात.

यावरूनच आमची बैठक ठरली. दुसऱ्या रांगेत आई आणि शेजारी नातू त्याच्या सीटमध्ये. मुलगा चालवणार, पुढे सौ., कारण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मागे सून, नात आणि मी. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही पुढे बसा.” म्हटलं, अर्धा रस्ता झाल्यावर बघू. हायक्रॉस घेतली. खिशाला जड गेली, पण घाटात मागे बसून मी पुस्तक वाचू शकलो नसलो तरी कंबर धरून उतरलो नाही. आई तर चांदवडला चहाला स्वतः उतरली.

सामानाचं मात्र कुणी नीट सांगत नाही. सातही सीट उभ्या असताना अल्कझारमध्ये 180 लिटर उरतात, कॅरेन्समध्ये 216, हायक्रॉसमध्ये 300. सात जणांच्या बॅगा आणि आईची घडीची व्हीलचेअर, तीनशेतही कसंबसंच. आम्ही कडक सुटकेस बंद केल्या, प्रत्येकाला एक मऊ पिशवी. फौजेतली जुनी किट बॅग पुन्हा कामाला आली.

आणि हवा भरायला विसरू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो. त्यावर कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी असे दोन आकडे दिले असतील, तर निघायच्या सकाळी टायर थंड असताना दुसरा आकडा भरायचा.