दोष आणि दडवादडवी

परदेशी नोकरीचा व्हिसा मागताना जुना दोष झाकावा, असा सल्ला देणारे दलाल पुष्कळ भेटतात. अमेरिकेचा १९९६ चा कायदा काय सांगतो? मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक, परंतु वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून जो आपण होऊन परततो, त्याला ३ वर्षे प्रवेशबंदी; वर्ष वा अधिक राहिल्यास १० वर्षे. अर्जात मात्र महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली, तर बंदी आजन्म लागते. तात्पुरत्या कामासाठी तीतून सूट मागता येते. पण ती देणे अधिकाऱ्यांच्या इच्छेवर. म्हणून जुने कागद जपावेत, विचारलेल्याचे खरे उत्तर द्यावे. दहा वर्षे थांबणे कठीण खरे. पण ती मोजता तरी येतात.