हातची चव आणि वहीतील कृती

(पाककलेची हौस असणाऱ्या कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



तुपात सोडलेला अनारसा विरघळून पसरला, तर मराठी घरात 'अनारसा फसला' असे कोणी म्हणत नाही. 'अनारसा हसला' असे म्हणतात. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते फडक्यावर पसरून कुटायचे, चाळायचे, गूळ मिसळून मुरत ठेवायचे. आणि एवढ्या खटाटोपानंतर कढईत तो हसणार! करणारीच्या डोळ्यांत त्या क्षणी पाणी येते, पण भाषेने त्या फजितीलाही हसरे नाव दिले आहे.

तो हसतो का, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पिठात ओल अधिक राहिली किंवा गुळाचे प्रमाण वाढले, की अनारशाला तुपात आकार धरता येत नाही. ओल अगदीच गेली, तर गूळ मिळून येत नाही आणि अनारसा दडदडीत होतो. छापील कृतीत 'तांदूळ फडक्यावर सुकवावेत' एवढेच वाक्य असते. किती वेळ? मुंबईच्या दमट हवेत जितका वेळ लागेल, तितका सोलापुरात लागणार नाही. म्हणून जाणती स्त्री तास सांगत नाही, खूण सांगते : तांदूळ हाताला ओलसर लागावा, पण हात ओला होऊ नये, कुटलेले पीठ मुठीत दाबले तर मुटका व्हावा आणि बोट लावताच फुटावा. ही खूण कोणत्याही गावी चालते, कोणत्याही हवेत चालते. घरची कृती म्हणून जे म्हणतात, ते जिन्नसांच्या यादीपेक्षा या खुणांमध्येच अधिक असते.

चकलीचेही तसेच. भाजणीत चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची, हे प्रमाण पुष्कळ घरांत सापडेल. परंतु मोहन जास्त झाले की चकली तेलात विरते आणि कमी पडले की दातांची परीक्षा पाहते. त्याचा अंदाज वहीत उतरत नाही.

वही मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. पाकशास्त्र लिहून ठेवण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात धान्ये, पदार्थ आणि त्यांचे गुणदोष यांची चर्चा केली. (स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यास संकोचणाऱ्या बंधूंनी ही दोन्ही नावे पुरुषांची आहेत, हे ध्यानात ठेवावे.) मराठीत छपाई रुळल्यावर १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' आले आणि १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र'. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. नव्या संसाराच्या सामानात अनेक घरांनी हे पुस्तक आवर्जून ठेवले. त्याचे एक कारण अगदी साधे होते : त्यात वाटी आणि चमचा यांची मापे होती. सासर-माहेरपासून दूर, नोकरीच्या गावी दोनच माणसांचे बिऱ्हाड करणाऱ्या मुलीला 'अंदाजाने' या शब्दाचा काहीही उपयोग नव्हता. तिला विचारायला शेजघरात कोणी नव्हते. त्या एकटेपणाला वाटी-चमच्याने आधार दिला.

घराघरांतील जुन्या वह्या मात्र आज नातवंडांना वाचता येत नाहीत, आणि दोष अक्षराचा नसतो. 'एक पायली' म्हणजे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. ही मापे धान्य भरून घेण्याची, तोलण्याची नव्हेत, आणि प्रांतोप्रांती शेरही सारखा नसे. त्यातच 'दोन आण्यांची वेलची' असे लिहिलेले सापडले, की पाककृती वाचण्यासाठी त्या वर्षीचा बाजारभाव शोधावा लागेल! आजी हयात असताना त्या आण्यांची चमचे-वाटीत मोड करून घेतली नाही, तर पुढे ती कोणीही करून देणार नाही. अशा वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत सुखरूप असतात, आणि तरीही त्यांतला पदार्थ नाहीसा झालेला असतो.

लेखणीच्या आधी, आणि लेखणीबरोबरही, समाजाने कृती टिकवली ती ताटांची देवघेव करून. दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाते. ते झाकून जाते आणि रिकामे परत येत नाही. भोंडल्याची खिरापत तर चवीची पाठशाळाच म्हणावी लागेल. डबा झाकलेला, भोवती मुलींचा घोळका. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचे, ओला की कोरडा याचा माग काढायचा. काही ठिकाणी हादगा सोळा दिवस चाले आणि खिरापती रोज एकेकीने वाढत. ओळखू येऊ नये असा पदार्थ करण्यात यजमानीणबाईंची प्रतिष्ठा असे, आणि तो ओळखण्यात मुलींची. त्या खेळात दहा वर्षांच्या मुलीला गल्लीतल्या बारा-पंधरा घरांच्या हातची चव ठाऊक होई. कोणाच्या करंजीचे सारण ओले आणि कोणाचे सुके, हे तिला कोणी शिकवलेले नसे.

मात्र या देवघेवीला दोन कुंपणे होती आणि त्यांचाही उल्लेख व्हायला हवा. पहिले कुंपण मत्सराचे. कृती विचारली तर सगळे सांगायचे, पण एक जिन्नस सांगायचा राहून जायचा. आणि तो नेमका चुकून राहायचा असे नाही. गोड्या मसाल्यातले दगडफूल, कटाच्या आमटीतली चिमूट, लोणच्याच्या फोडणीतली वेळ, अशी गुपिते सुनेलाही उशिरा मिळत. काही बायकांनी ती कोणालाच दिली नाहीत. त्यांच्या पश्चात घरातली मंडळी 'तशी आमटी पुन्हा खाल्ली नाही' असे हळहळत सांगतात. यात त्या माऊलीची स्तुती आहे खरी, पण एक पदार्थ संपल्याची बातमीही आहे.

दुसरे कुंपण अधिक उंच होते. ताट कोणाच्या घरापर्यंत जाणार हे जात ठरवीत असे. त्यामुळे पुण्यातल्या पेठेतले घर आणि चार गल्ल्यांपलीकडचे घर परस्परांच्या चुलीला परके राहिले. वालाला मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेले कायस्थ प्रभूंचे बिरडे, पाठारे प्रभूंचे भानोले, उपड्या खापरावर भाजले जाणारे खानदेशातील पुरणाचे मांडे, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, हे सारे एकाच समाजाचे वैभव. पण ते वेगवेगळ्या फडताळांत बंद होते. काल्याच्या दिवशी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणाऱ्या गोपाळकृष्णाची गोष्ट घरोघरी सांगितली गेली, आणि दुसऱ्या दिवशी चुली पुन्हा वेगळ्या झाल्या. आज हौशी माणसे एकमेकांच्या घरी डबे घेऊन जातात, जात न विचारता कृती विचारतात, ही गोष्ट पाककौशल्याहून मोठी आहे.

अशा देवघेवीत थोडी शिस्त असली तर तिचे फळ टिकते. आजीला 'कृती सांगा' असे म्हणू नये. ती सांगताना विसरते, करताना विसरत नाही. तिला करू द्यावे. ती मुठीने पीठ घेईल, तेव्हा मुठीखाली वाटी धरावी आणि मग ती वाटी मोजावी. ती हळद, तिखट, मीठ चिमटीने टाकणार असेल, तर तीच चिमूट आधी बशीत घ्यावी. कढईचा वास बदलला म्हणून ती आच कमी करील, त्या क्षणी तिला थांबवून 'आत्ता काय कळले?' एवढे विचारावे आणि उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे. 'खमंग' म्हणाली तर खमंग, 'तांबूस' म्हणाली तर तांबूस. शेजारणीकडून आलेला पदार्थ असेल तर तिचे नाव आणि गाव वहीत असावे. एक भाग मात्र बहुतेक वह्यांत नसतो : पदार्थ कधी बिघडला आणि का. अनारसा हसला त्या दिवसाची नोंद यशस्वी दिवसापेक्षा पुढच्या पिढीला अधिक उपयोगी पडेल.

बाहेर पडवीत आपण आणलेले डबे मांडलेले आहेत. प्रत्येक डब्याला घराचे नाव, गावाचे नाव आणि पदार्थ कोणाकडून शिकला ते लिहिलेली चिठ्ठी आहे. एका डब्यावर मुद्दाम चिठ्ठी लावलेली नाही. तो हलवून पाहायला हरकत नाही. चव घेतल्यावर 'छान झाले' म्हणून पुढे न जाता करणाऱ्याला गाठावे, किती वेळ भिजवले, आच केव्हा उतरवली ते विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याने एकही जिन्नस राहू देऊ नये.